दोनदा बिल काढलं म्हणून लिहिलं आणि मग फाईल बघितली

आमच्या गल्लीचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला आणि मी रागात लिहून टाकलं की नगरसेवकाने एकाच रस्त्याचं बिल दोनदा काढलंय. रात्रीत सगळीकडे फिरलं. सकाळी चुलतभावाचा फोन, तो वकिली करतो, "दादा, कागद आहे का तुझ्याकडे? बदनामीची केस टाकली ना तर न्यायसंहितेचं ३५६ लागेल." कागद कुठला, टपरीवर ऐकलेलं सगळं. गपचूप डिलीट मारलं.

मी कुठल्या पक्षाचा नाही, कुठल्या पेपरचाही नाही, म्हणजे छापायच्या आधी तपासणारा कोणी नाही. मीच.

मग माहिती अधिकार. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिला अर्ज दोन पानी, त्यात निम्मं भाषणच होतं, आवक-जावकच्या ताई म्हणाल्या एकच विषय आणि दीडशे शब्द, आपल्याकडे नियम आहे तसा. पुन्हा लिहिला: कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा हुकूम), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), देयकं म्हणजे बिलं, बास. "कशाला हवंय साहेब?" असं एकाने विचारलंच, पण कारण सांगायची सक्ती कायद्यात नाही हे तोवर पाठ झालं होतं.

३० दिवस झाले, उत्तर नाही. पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, सुनावणी, आणि मग एकदाची फाईल समोर आली. फाईल बघायला पहिला तास फुकट असतो, मला बराच जास्त लागला कारण मोजमाप पुस्तिकेतलं अक्षर म्हणजे डॉक्टरलाही लाजवेल असं. २ रुपये पान देऊन झेरॉक्स काढल्या.

बिलं दोन होती, खरंय. पण एक रस्त्याचं, दुसरं बाजूच्या गटाराचं! म्हणजे माझा आरोप साफ चुकला होता. त्याच फाईलमध्ये मात्र ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी ३ वर्षांचा लिहिलेला, म्हणजे रस्ता उखडला तर त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा, आणि इकडे त्याच रस्त्याच्या डागडुजीचं नवं टेंडर निघालेलं. हे टपरीवर कुणालाच माहीत नव्हतं.

लिहिण्याआधी नगरसेवकांना फोन करून त्यांची बाजू विचारली, ते "बघतो" म्हणाले, तेही तसंच लिहिलं. वर पहिल्या ओळीत टाकलं की दोनदा बिलाचं मी लिहिलेलं खोटं होतं. त्यावर विरोधी गटातल्या एकाने लगेच विचारलं, "किती मिळाले?" त्याला झेरॉक्सचा फोटो पाठवला. अजून उत्तर नाही.