आजींचं नाव यादीत घालताना

मी क्रूझच्या बुकिंगचं काम करते. पहिल्यांदाच समुद्रावर सुट्टीला निघालेलं कुटुंब असलं, की पूर्ण पैसे भरण्याची मुदत यायच्या आत मी घरातल्या सगळ्यांना एकदा समोर बसवते, पोरांसकट. एकटा मुलगा किंवा एकटी सून आली, तर बोलणं केबिन आणि रकमेपाशीच थांबतं. सगळे आले की कोणाला गाडीत उलटी होते, कोणाचे गुडघे जिना चढू देत नाहीत, हे कळतं. खरी तयारी त्यावर ठरते.

त्या दुपारी आलेल्या कुटुंबाने शेजारशेजारच्या दोन केबिन घेतल्या होत्या, आतून दार असलेल्या. एकीत आजोबा आणि दहा वर्षांची नात, दुसरीत आईवडील आणि धाकटा नातू. धाकट्याला प्रवासात मळमळतं, म्हणून दोन्ही केबिन मी जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर घेतल्या होत्या. लाटांवर जहाज झुलतं तेव्हा दोन्ही टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. वरच्या डेकवर हेलकावाही जास्त जाणवतो.

आजी आल्या होत्या, पण नुसत्या सोबतीला. पाण्याची भीती वाटते, तुम्ही जाऊन या, असं त्यांनी घरी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

सामानाचं मी पटकन उरकलं. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला काही तास जातात, कधी संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, रोजची औषधं, पोरांचे कपडे आणि पोहण्याचे पोशाख हातातल्या पिशवीत ठेवायचे. इस्त्री घरीच ठेवायची. आगीच्या भीतीने ती जहाजावर काढून घेतात.

मग मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात सगळ्यांनी कुठे जमायचं याचा सराव, सांगायला घेतलं. हा भाग मी कधीच घाईत सांगत नाही. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, की प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. ती जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, केबिनच्या दारामागे आणि बोर्डिंग कार्डावर लिहिलेली असते. पूर्वी हा सराव प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत घेतला तरी चालायचा. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावा लागतो.

आतापर्यंत गप्प बसलेल्या आजींनी विचारलं, "आणि होड्या कमी पडल्या तर? टायटॅनिकच्या पडल्याच होत्या ना."

आजोबांनी त्यांना थांबवायला हात पुढे केला. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. मी म्हटलं, "आजी, बरोबर आहे तुमचं. टायटॅनिकवर सुमारे २२०० माणसं होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. तरी तेव्हाच्या कायद्याने त्यात काही गैर नव्हतं, कारण होड्या किती असाव्यात हे जहाजाच्या टनांवरून ठरायचं, माणसांवरून नाही. १९१२ साली ते जहाज बुडालं आणि १९१४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. आता हिशेब माणसांचा असतो. जहाजावरच्या प्रत्येकासाठी जागा असावी लागते आणि त्याशिवाय एकूण माणसांच्या पंचवीस टक्के जणांना पुरतील इतके तराफे जास्तीचे ठेवावे लागतात. तान्हं बाळही त्यात एक माणूस म्हणूनच धरतात."

आजी थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "माझंही नाव घाल."

सगळे एकदम बोलायला लागले. नात तर उठून उभीच राहिली. आजोबांच्या केबिनमध्ये भिंतीतून उघडणारा तिसरा बर्थ होताच. तो नातीला द्यायचा आणि खालचे दोन पलंग आजीआजोबांना. मी नाव भरायला घेतलं आणि संगणकाने नकार दिला. बर्थ रिकामा होता, पण त्या केबिनला जोडलेल्या मस्टर स्टेशनच्या होड्यांची माणसं पूर्ण झाली होती. ज्या नियमाच्या भरवशावर आजी तयार झाल्या, तोच आता आडवा आला होता. मला फार वाईट वाटलं. तरी जे आहे ते मी त्यांना तसंच सांगितलं.

त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे खरंच मोजतात."

क्रूझ कंपनीला फोन लावला. बराच वेळ गेला, पण मार्ग निघाला. जहाजाच्या पुढच्या भागात, खालच्याच डेकवर जवळजवळच्या दोन केबिन मिळत होत्या. त्यांचं मस्टर स्टेशन वेगळं होतं आणि तिथे जागा होती. पैसे भरण्याच्या मुदतीच्या सुमारास बरीच बुकिंगं रद्द होतात, तोवर थांबून पाहणंही शक्य होतं, पण त्याची हमी मी कशी देणार? तिसरा पर्याय म्हणजे फक्त आजीआजोबा आणि नातीने पुढे जायचं. धाकट्याच्या पोटाचा विचार केला तर मला हाच बरा वाटत होता आणि तसं मी बोललेही. मात्र मग घराची दोन स्टेशनं झाली असती.

सुनेने वेळ घेतला नाही. "आई पहिल्यांदा पाण्यावर येतायत. भोंगा वाजला तर त्यांना आम्ही सगळे दिसायला हवेत. मळमळीचं डॉक्टरांना विचारू."

दोन्ही केबिन बदलल्या. आजींचं नाव भरताना मी म्हटलं, पासपोर्टवर आहे अक्षर न् अक्षर तसंच सांगा आणि मुदतही बघा; प्रवास संपल्यावरही किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी, बऱ्याच ठिकाणी ती लागतेच. आजोबांनी पिशवीतून आजींचा पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. येताना ते तो घेऊनच आले होते आणि तोवर त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

आजींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. प्रवास विम्याच्या अर्जात तो आजार लिहायलाच हवा, नाहीतर ऐनवेळी दावा नाकारला जाऊ शकतो. आणि भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवायचं तर खर्च अफाट येतो, म्हणून तो विम्यात धरलेला आहे का, हेही पाहायला सांगितलं. धाकट्यासाठी मळमळीचं औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं ठरलं. अशी बरीचशी औषधं उलटी सुरू व्हायच्या आधी घेतली तरच नीट लागू पडतात, आणि काहींनी मूल दिवसभर पेंगतं. जहाज जास्त हलायला लागलं तर त्याला केबिनमध्ये न ठेवता मध्यावरच्या मोकळ्या डेकवर, क्षितिज दिसेल असं बसवा, असं मी सुनेला सांगितलं. आजी म्हणाल्या, "त्याला घेऊन मी बसेन."