तुम्ही विचारलंत म्हणून: फेल झालेलं लॉगिन लॉगमध्ये कसं शोधायचं?

नेटवर्कचं काम नव्याने शिकणारे, हेल्पडेस्कवर बसणारे, कधी एखाद्या विभागाचे प्रमुखसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात: ‘अमुक युजरचं लॉगिन सारखं फेल होतंय. फायरवॉलच्या लॉगमधून त्याचे प्रयत्न कसे काढायचे? फिल्टर कोणता लावायचा?’ (फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, लॉग म्हणजे त्याची नोंदवही.) एका ओळीचं उत्तर हवं असतं आणि ती ओळ मी देतेही. पण तेवढ्यावर सोडवत नाही, कारण नुसत्या फिल्टरने निम्मंच काम होतं आणि त्या निम्म्या कामावरून लोक एखाद्या माणसाबद्दल मत बनवून मोकळे होतात.

आधी एक विचारा: पासवर्ड नेमका कोणी तपासला? बहुतेक जण सरळ ट्रॅफिक लॉग, म्हणजे कोणती जोडणी कुठून कुठे गेली याची नोंद, उघडतात, त्यात युजरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकतात आणि सगळ्या ओळी ‘अलाऊ’ दिसल्या की गोंधळतात. त्या ओळी खोटं सांगत नाहीत. युजर एखाद्या वेब ॲप्लिकेशनवर चुकीचा पासवर्ड टाकतो तेव्हा फायरवॉलला दिसतं ते पोर्ट ४४३ वरचं, म्हणजे एन्क्रिप्टेड वेबच्या नेहमीच्या दारातलं, एक सुरळीत चाललेलं सेशन. पासवर्ड आणि त्यावर आलेला नकार दोन्ही एन्क्रिप्शनच्या आत असतात. ते अपयश त्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये शोधायचं. फायरवॉलला लॉगिन फेल झाल्याचं कळतं ते नाव-पासवर्ड तो स्वतः विचारतो तिथेच: व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात येण्याचा सुरक्षित मार्ग), कॅप्टिव्ह पोर्टल (नेटवर्क वापरू देण्याआधी लॉगिन मागणारं पान) आणि त्याचं स्वतःचं ॲडमिन लॉगिन. आणि ही नोंद ट्रॅफिकमध्ये नसते. ती सिस्टिम, इव्हेंट किंवा व्हीपीएनच्या लॉगमध्ये असते.

आता ती ओळ. फायरवॉल कोणत्या कंपनीचा आहे त्यावर ती ठरते. फोर्टिगेटवर एसएसएल व्हीपीएन चालू असेल तर इव्हेंट लॉगमधले व्हीपीएन इव्हेंट उघडा आणि ॲक्शनच्या रकान्यात ‘एसएसएल-लॉगिन-फेल’ (ssl-login-fail) हा फिल्टर लावा. पालो आल्टोवर सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट ‘ऑथ-फेल’ (auth-fail) घ्या आणि डिस्क्रिप्शनमध्ये युजरचं नाव ‘कंटेन्स’ने शोधा. ग्लोबलप्रोटेक्ट या त्यांच्या व्हीपीएनसाठी पॅन-ओएस (पालो आल्टोची सिस्टिम) ९.१ पासून वेगळा लॉगच आहे, तोही बघा. सिस्को एएसए असेल तर दोन मेसेज क्रमांक लक्षात ठेवा: खातं एएसएच्या स्वतःच्या यादीतलं असेल तर ११३०१५, आणि बाहेरच्या सर्व्हरने नकार दिला असेल तर ११३००५.

एएसएवर पुष्कळ जण अडतात. क्रमांकावर फिल्टर लावला की ओळी येतात, पण नावाच्या जागी नुसत्या चांदण्या. नाव चुकीचं किंवा अनोळखी असेल तर एएसए ते झाकून ठेवतो. ‘नो लॉगिंग हाइड युजरनेम’ (no logging hide username) ही आज्ञा दिली की नावं दिसू लागतात. मात्र ती कायमची चालू ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. घाईत माणूस नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करतो, हे अगदी नेहमी घडतं. झाकणं काढलंत की तो पासवर्ड साध्या अक्षरांत लॉगमध्ये जातो, तिथून सिसलॉग सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या उपकरणांचे लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर, आणि पुढे बॅकअपमध्ये. तपासापुरतं उघडा, काम झालं की परत झाका, आणि कोणाचा पासवर्ड तिथे दिसलाच तर त्या माणसाला लगेच बदलायला सांगा.

नावाने शोधण्यातही एक अडचण आहे. एकच माणूस एका लॉगमध्ये नुसत्या नावाने असतो, दुसऱ्यात डोमेन आणि उलटी तिरपी रेघ लावून, तिसऱ्यात ईमेलसारखा. कुठे अक्षरं लहान, कुठे मोठी. ‘इक्वल्स’ लावलंत तर यातलं एकच रूप हाती लागतं. म्हणून नावाचा मधला, सगळ्या रूपांत सारखा असलेला तुकडा घेऊन शोधा. आणि युजरने नावच चुकीचं टाइप केलं असेल, तर बरोबर नावाने शोधून काहीच सापडणार नाही. अशी लॉगिन मी बहुतेक वेळा नावाने शोधतच नाही. आधी वेळ, मग आयपी, शेवटी नाव.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शोध भरकटतो तो इथेच. युजर सांगतो ती त्याच्या घड्याळातली वेळ असते. फायरवॉल कदाचित यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो, लॉग सर्व्हर तिसऱ्याच टाइमझोनमध्ये दाखवतो. सिसलॉगचा जुना प्रकार, २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात वर्णन केलेला, वेळेबरोबर ना वर्ष लिहितो ना टाइमझोन. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने ती उणीव भरली, पण जुन्या प्रकारात लॉग पाठवणारी उपकरणं आजही आहेत. त्यामुळे मी युजरला फोन करून सांगते, ‘आत्ता माझ्यासमोर एकदा लॉगिन करून बघा.’ तो बटण दाबतो, मी लॉग चालू ठेवून बघते. ओळ आली की घड्याळांतला फरक कळतो, नावाचं खरं रूप कळतं आणि आयपीही कळतो. मग मागच्या नोंदी शोधणं सोपं जातं. एकदाच करून बघायला सांगा, दहादा नको. नाहीतर आपल्याच तपासात त्याचं खातं लॉक व्हायचं.

आता उरलेलं निम्मं काम. व्हीपीएनचा पासवर्ड फायरवॉल घेतो खरा, पण निकाल बहुतेकदा तो देत नाही. तो रेडियस किंवा एलडॅपने (खातं तपासण्यासाठी सर्व्हरशी बोलायच्या दोन पद्धती) मागच्या सर्व्हरला विचारतो आणि आलेलं ‘नाही’ लॉगमध्ये लिहितो. का नाही, हे त्या ओळीत असेलच असं नाही. कारण शोधायचं तर मागे जावं लागतं. विंडोजच्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ऑफिसची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, फेल झालेल्या लॉगिनसाठी इव्हेंट ४६२५ बघा, केर्बेरॉसचं (विंडोज डोमेनमधली ओळख पटवण्याची पद्धत) असेल तर ४७७१, आणि खातं लॉक झालं असेल तर ४७४०. रेडियसचं काम विंडोजचा एनपीएस करत असेल तर ६२७३. ४६२५ मधला सबस्टेटस कोड वाचायची सवय लावा. त्याचा शेवट ‘६ए’ असेल तर पासवर्ड चुकला, ‘६४’ असेल तर त्या नावाचा युजरच नाही, ‘२३४’ असेल तर खातं लॉक आहे. एलडॅप नुसतं ‘४९’ म्हणतं, पण ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची खात्यांची यादी) त्यापुढे आणखी एक कोड जोडते: ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद, ७७५ म्हणजे लॉक. मुदत संपलेल्या माणसाला ‘पासवर्ड नीट टाका’ असं पुन्हा पुन्हा सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि हा एक कोड न वाचल्यामुळे तो सर्रास होतो.

मागच्या सर्व्हरवर प्रयत्न कुठून आला म्हणून जो आयपी दिसतो, तो बहुतेकदा फायरवॉलचाच असतो, कारण विचारायला फायरवॉल गेला होता. युजरचा खरा पत्ता फायरवॉलच्या लॉगमध्ये, नकाराचं खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये. दोन्हीकडच्या ओळी वेळेवरून जुळवल्या की मगच एक पूर्ण नोंद तयार होते. दोन्ही घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवून ठेवणारी पद्धत) असावीत असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

ओळी हाती आल्या की संख्या मोजण्याआधी त्यांच्यामधलं अंतर बघा. माणूस चुकतो तेव्हा एक प्रयत्न, पाचदहा सेकंदांनी दुसरा, मग थोडा विचार करून तिसरा, मग थांबतो. ठरावीक अंतराने, रात्रीही न थांबता येणारी ओळ असेल तर तिथे बोटं नाहीत, यंत्र आहे: फोनमध्ये साठवलेला जुना पासवर्ड, एखादं शेड्युल्ड टास्क किंवा विसरलेलं रिमोट सेशन. पासवर्ड बदलल्यावर लगेच सुरू झालेली तक्रार बहुतेक वेळा अशीच निघते. ४७४० मध्ये ‘कॉलर कॉम्प्युटर नेम’ हा रकाना असतो. तो भरलेला असेल तर ते यंत्र कोणतं हेही कळतं.

आणि एकदा तरी फिल्टर उलटा करा. एका युजरचं नाव लावून एकच फेल झालेलं लॉगिन दिसलं, तर कोणीही म्हणेल, किरकोळ आहे. आता नाव काढा आणि ती ओळ ज्या आयपीवरून आली तो लावा. त्याच आयपीवरून पन्नास वेगवेगळ्या नावांनी प्रत्येकी एकेक प्रयत्न झालेला दिसला, तर तो पासवर्ड स्प्रेइंगचा हल्ला आहे. खातं लॉक होऊ नये एवढेच प्रयत्न प्रत्येक नावावर करायचे, ही त्याची रीतच आहे, त्यामुळे नावाच्या फिल्टरमध्ये तो कधीच उठून दिसत नाही. हल्लेखोर आयपी बदलत राहिला तर हा फिल्टरही पुरत नाही. तेव्हा एकूण फेल लॉगिनची संख्या तासागणिक मांडून नेहमीपेक्षा कुठे वाढली ते बघावं लागतं. शेवटी ‘फेल’चा फिल्टर पूर्ण काढून यशस्वी लॉगिनही बघा. अनोळखी आयपीवरून पंधरा नकार आणि मग एक यश, हा क्रम दिसला तर आधी खातं बंद करून सगळी सेशन तोडा, पासवर्ड बदला, युजरशी त्यानंतर बोला.

तिकिटात ‘युजरने चुकीचा पासवर्ड टाकला’ एवढंच लिहू नका. लॉगवरून चुकीचा पासवर्ड आला हे सिद्ध होतं, तो त्या माणसाने टाकला हे नाही. प्रयत्न कोणत्या वेळी, कोणत्या टाइमझोनमध्ये, कुठल्या आयपीवरून, व्हीपीएनवर की आणखी कुठे झाला, आणि सर्व्हरने कोणता कोड दिला, हे लिहा. मूळ ओळी जशाच्या तशा खाली जोडा.