अपडेट ३: एकाच मापाच्या दोन पट्ट्या, १०९५ आणि ग्रेड ५ टायटॅनियम

घरी सुरी बनवतोय, त्यावर मागच्या अपडेटला तिघाचौघांनी सुचवलेलं की सुरी टायटॅनियमचीच कर, स्टीलपेक्षा स्ट्राँग असतं. म्हटलं चला, बघूच. भोसरीत ओळखीच्या जॉबवाल्याकडे ग्रेड ५ चा तुकडा मिळाला (६ टक्के अॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवाला), त्याची आणि १०९५ ची (हे जास्त कार्बनवालं, सुऱ्यांचं स्टील) अशा दोन पट्ट्या काढल्या, २०० बाय ३० बाय ३ मिमी. काट्यावर स्टील १४१ ग्रॅम, टायटॅनियम ८०. हातात घेतलं तर प्लास्टिक वाटतं राव.

मग पट्टी व्हाइसमध्ये धरून १५० मिमी बाहेर ठेवली, टोकाला २ किलोचं वजन टांगलं आणि किती वाकतं ते मोजायला डायल गेज लावला. स्टील साधारण १.६ मिमी वाकलं, टायटॅनियम २.९, म्हणजे जवळजवळ दुप्पट! दोन्ही वजन काढल्यावर सरळ झाले. आता गंमत ऐका, १०९५ भट्टीत घातलं, चुंबक चिकटायचं बंद झाल्यावर अजून थोडं तापवलं, कोमट शेंगदाणा तेलात पाणी दिलं, म्हणजे बुडवून झटकन थंड केलं (हो, तेलात देतो तरी पाणीच म्हणतो आपण), मग ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन दोन तास दोनदा, आईच्या शिव्या वेगळ्या, आणि परत तेच वजन टांगलं तर परत तेच १.६! पाणी दिल्याने कडकपणा वाढतो, वाकून कायमचं वाकडं व्हायची हद्द लांब जाते, पण तेवढ्याच वजनाला वाकणं तेवढंच राहतं. हे वाचलं होतं, पण डायलवर बघितल्याशिवाय डोक्यात शिरलं नव्हतं.

धारेचं म्हणाल तर विषयच संपला. पाणी दिलेलं स्टील ५९ रॉकवेल आलं (रॉकवेल म्हणजे कडकपणा मोजायचं माप), कानस नुसती घसरते. ग्रेड ५ छत्तीसच्या आसपास, त्यावर कानस मस्त चावते, म्हणजे धार लावली तरी ती किती टिकणार? आणि स्टीलसारखं तापवून तेलात बुडवलं की साठीला जाईल असं त्याचं नसतं. हां, लिंबू कापून तसंच ठेवलं तर स्टील काळं पडलं, टायटॅनियमला ढिम्म फरक नाही.

ड्रिल करताना दोन बिट जळाले. या धातूतून उष्णता पुढे जातच नाही, सगळी बिटच्या टोकावर बसते, त्यामुळे स्पीड कमी, दाब जास्त आणि एका जागी घासत बसायचं नाही. ग्राइंडरवर पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात, दिसायला दिवाळी, पण तो बारीक भुगा पेटतो, साठू देऊ नका आणि पेटलाच तर पाणी अजिबात नको, वाळूची बादली जवळ ठेवा.

तर पातं १०९५ चंच, टायटॅनियम मुठीच्या दोन बाजूंना. विजेने त्यावर रंग चढवता येतो, म्हणून एक बाजू खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडल्या, निळा रंग आलाय, फक्त बोटं लागली होती तिथे डाग राहिलेत. परत घासून धुऊन करतोय, या वेळी ग्लोव्हज घालून.