ओढू नका, काका

रिमोटवर चालणारे विमान लांबून पाहणाऱ्याचा समज असा असतो की ते उडवावे लागते. शिकायला उभ्या राहणाऱ्याला मात्र लवकरच कळते की विमानाला मुळात उडायचेच असते. पंखाची ठेवण, पुढे ओढणारा प्रॉप (नाकावरचा फिरता पंखा) आणि समोरून येणारा वारा मिळून ते काम करतात आणि आपल्या अंगठ्याने मध्ये फारशी लुडबुड करू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. पण ज्या अंगठ्याला दिवसभर मोबाइलच्या पडद्यावर काहीतरी सरकवत राहण्याची सवय जडली आहे, त्याला स्वस्थ राहायला सांगणे म्हणजे खवय्याला निर्जळी एकादशी धरायला लावण्यासारखे आहे.

ठाण्यात राहून ही विद्या शिकायची तर आधी ठाणे सोडावे लागते. इथली मैदाने क्रिकेटच्या ताब्यात आहेत, आणि जिथे क्रिकेट नाही तिथे मांडव आहे. शिवाय आकाशालाही हद्दी आहेत. २०२१च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांना वेगळी व्याख्या दिली असली, तरी कुठे उडवता येते हे दाखवणारा लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचा नकाशा त्यांनाही पाहावाच लागतो. आणि २०२५च्या अखेरीस नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर खारघर-उलव्याकडे सहज जाऊन विमान उडवण्याचा विचार मनातून काढून टाकलेलाच बरा. म्हणून आम्ही नकाशा पाहून मुरबाडच्या बाजूला जातो. दिवाळीनंतर भात कापून झाला की खाचरे मोकळी होतात, आणि मालकाची परवानगी असली की त्यांतले सर्वांत लांब खाचर आमची धावपट्टी होते. धावपट्टी म्हणायचे ते आपले कौतुकाने. दोन्ही टोकांना बांध असतात आणि मधल्या भातातली धसकटे कितीही उपटली तरी उरतातच. अशा जागी नाकाखाली चाक असलेले विमान नाक घासते. त्यामुळे पुढे दोन मोठी चाके आणि मागे शेपटीखाली एक बारीक चाक असलेला ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, बरा पडतो.

मला शिकवणारा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो मला ‘काका’ म्हणतो आणि वयाचा मान राखूनच रागावतो. विमान हातात घेतल्यावर त्याची पहिली नजर रबरबँडवर जाते. ट्रेनरचा दीड मीटरचा पंख धडावर रबरबँडनीच आवळलेला असतो आणि त्यांतले शेवटचे दोन तिरपे, फुलीसारखे ओढून घ्यायचे असतात, म्हणजे खालचे निसटत नाहीत. हा जुगाड नव्हे. विमान जमिनीवर आदळलेच तर रबर ताणले जाते, पंख सरकतो आणि मोडता मोडता वाचतो. मग दोन्ही हातांची बोटे पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर टेकवून तो विमान उचलतो. ते सपाट किंवा किंचित नाकाकडे झुकलेले राहिले पाहिजे. शेपूट जड असलेले विमान हवेत गेल्यावर कोणाचेच ऐकत नाही. शेवटी रिमोटवरची स्टिक उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाची मागची पट्टी वर जाते ना, हे तो मला मोठ्याने म्हणायला लावतो. या उजळणीत मला लाज वाटत नाही. उलटी चालणारी पट्टी जमिनीवर दिसली तर हसण्यावारी नेता येते, हवेत नाही.

खरी परीक्षा पुढच्या काही सेकंदांची. विमानाचे तोंड वाऱ्याकडे हवे, कारण पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेतला कळतो. ताशी ३० किलोमीटरला उचलणाऱ्या विमानासमोर १० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवर २० पुरतात. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, एकदम रेटायचा नाही, चढवत न्यायचा. सुरुवातीला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) थोडा मागे धरून शेपूट दाबून ठेवायची आणि वेग आला की सोडायची. याच वेळी विमान डावीकडे ओढ घेते. मागून पाहता प्रॉप उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया डाव्या चाकावर भार टाकते आणि त्याने भोवंडलेली हवा शेपटीच्या डाव्या अंगावर आपटते. त्यावर उपाय म्हणजे उजवा रडर (शेपटीची उभी पट्टी), तोही चिमूटभर. जास्त दिला तर विमान उजव्या बांधाकडे निघते आणि मग ते सावरण्याच्या नादात साऱ्या खाचरात नागमोडी रेघ उमटते.

इतके साधले की समोरचा बांध जवळ येऊ लागतो आणि अंगठ्याला एलिव्हेटर खेचण्याची अनावर इच्छा होते. नेमके तेव्हाच मागून ऐकू येते, “ओढू नका, काका, ओढू नका! वेग येऊ द्या.” वेग नसताना नाक वर केले तर पंख हवेला फार उभा होतो, वरून वाहणारी हवा त्याला सोडून जाते आणि एक पंख गळून विमान बाजूला कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. उंचावर नाक खाली घालून तो सावरता येतो. दोन मीटरवर सावरायला जागाच नसते. तेव्हा जमीन सुटल्यावरही चढण उतावीळ नको, पंख सपाट हवेत आणि पहिले वळण झाडांच्या बरेच वर गेल्यावर घ्यायचे.

वळल्यावर विमान आपल्याकडे येऊ लागते आणि डावे-उजवे उलटते. रडर आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या पट्ट्या) विमानात बसलेल्या वैमानिकाच्या डाव्या-उजव्याने चालतात, आणि इथला वैमानिक तर शेतात टोपी घालून उभा असतो. यावर मुलाने दिलेली युक्ती मला सर्व नियमांपेक्षा आवडली: जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू खालून टेकू द्यायचा. डावे-उजवे आठवत बसावे लागत नाही. घरी सिम्युलेटरवर हेच घोटता येते. १९३७ साली अमेरिकेत रेडिओवर ‘गफ’ नावाचे विमान उडवणाऱ्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांपाशी ती सोय नव्हती. त्यांचे धाडस मला आता जरा जास्तच कळते.

हिवाळ्यातल्या सकाळी इकडे वारा पडलेला असतो किंवा पूर्वेकडून अगदी मंद येतो. ऊन चढले की तो समुद्राकडून, पश्चिमेने वाहू लागतो आणि धावपट्टीचे टोक बदलावे लागते. मग बांधावर ठेवलेला डबा, पाण्याच्या बाटल्या आणि बॅटऱ्या उचलून सगळे दुसऱ्या टोकाला जातात. तोवर नवशिक्यांची पाळी संपलेली असते, कारण दुपारचा वारा झुळकांनी येतो आणि झुळुकीत अंगठा स्वस्थ ठेवून भागत नाही. ती विद्या पुढची. मी पंखाचे रबरबँड सोडवतो आणि उरलेल्या लायपो बॅटऱ्या मोजतो. न वापरलेली बॅटरी पूर्ण भरलेली ठेवली तर खराब होते, म्हणून घरी गेल्यावर ती दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची असते. मुलगा तोवर आपले विमान काढतो, दुपारच्या वाऱ्यातले.