लगेच कळतं का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेला आहे. "तुम्ही ते हार्टच्या पेशंटचं ॲप करता ना? मग आमच्या बाबांना काही झालं तर डॉक्टरांना लगेच कळेल ना?" विचारणाऱ्याचे आईबाबा बहुतेक वेळा नाशिकला किंवा सांगलीला असतात आणि तो स्वतः न्यू जर्सीत नाहीतर बंगळुरात. बरीच वर्षं मी "हो, म्हणजे तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. पण मध्यंतरी एका काकांनी हातातली जिलबी ताटात परत ठेवून विचारलं, तेव्हा मला लाज वाटली. तर काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कळतं. पण लगेच नाही, आणि बहुतेक वेळा डॉक्टरांना नाही.

आधी गैरसमज दूर करते. आमचं ॲप हार्ट अटॅक पकडत नाही. छातीत कळ आली, घाम फुटला, तर फोनमध्ये ॲप शोधत बसायचं नाही, १०८ लावायचा. आमचे पेशंट हार्ट फेल्युअरचे. नाव ऐकून लोकांना वाटतं हृदय बंदच पडलं, पण अर्थ इतकाच की हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. घरोघरी त्याला 'पंपिंग कमी झालंय' म्हणतात आणि तो शब्द मला डॉक्टरी नावापेक्षा चांगला वाटतो. पंपिंग कमी झालं की अंगात पाणी साठायला लागतं. आधी पायांवर सूज, मग जिना चढताना धाप, मग रात्री आडवं झालं की दम. हे सहसा एका रात्रीत होत नाही, त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आम्हाला जे काही करता येतं ते याच दिवसांत.

आणि ते पाणी मोजायचं साधन म्हणजे वजनकाटा. हे सांगितल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्यांच्या डोळ्यांसमोर छातीवर चिकटवलेलं काहीतरी लुकलुकणारं यंत्र असतं. पण तीन दिवसांत दोन किलो किंवा एका रात्रीत किलोभराहून जास्त वजन वाढलं, तर ती चरबी नसते, तेवढी चरबी इतक्या लवकर चढतच नाही. ते पाणी असतं. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. सोबत बीपी, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि दोन-तीन प्रश्न. झालं आमचं तंत्रज्ञान.

हृदय लांबून बघणं ही गोष्टही नवीन नाही. नेदरलँड्समध्ये लायडनला विलेम आइंटहोवेन यांचं ईसीजीचं यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटच्या खाटेपर्यंत नेण्याची सोय नव्हती. मग १९०५ मध्ये त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटचे ईसीजी आपल्या प्रयोगशाळेत बसून काढले. म्हणजे पाठवण्याचा प्रश्न एकशेवीस वर्षांपूर्वीच सुटला. फक्त त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला खुद्द आइंटहोवेन होते. आमच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण, हे ठरवण्यातच माझी नोकरीची बरीच वर्षं गेली.

पहिल्या आवृत्तीत आम्ही भाबडेपणाने डॉक्टरांना बसवलं. नोंद जरा इकडेतिकडे झाली की थेट त्यांच्या मोबाईलवर सूचना. आमच्या सरांची ओपीडी संध्याकाळी सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालते, बाहेर बाकावर माणसं, आत एको, मध्येच कॅथ लॅबचा फोन. त्यात आमचं टुंग टुंग. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचा आवाज बंद केला आणि मला तसं तोंडावर सांगितलंही. "तू मला माहिती पाठवत नाहीयेस, काळजी पाठवतेयस."

शिवाय त्या सूचना तरी कसल्या होत्या! एका आजोबांचं वजन रात्रीत बावीस किलोवर आलं. काट्यावर नात उभी राहिली होती. एका घरातून दर रविवारी एकाच पेशंटची पाच वेगवेगळी बीपी यायची. मशीन नवीन होतं, त्यामुळे मजल्यावरच्या सगळ्या काकू आपापला दंड पुढे करून जात होत्या. साताऱ्याकडच्या एका घरात वजन रोज मागेपुढे व्हायचं. मी जाऊन पाहिलं, तर शहाबादी फरशी उंचसखल आणि काटा रोज जागा मिळेल तिथे. आम्ही ऑफिसात बसून 'विश्वसनीय डेटा' म्हणत होतो, आणि तो फरशीच्या कोणत्या कोपऱ्यावर उभा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आता काटा देताना आमचा माणूस फरशीवर रंगाने चौकोन आखून येतो. या सगळ्या प्रकल्पातली ही माझी सगळ्यात आवडती सुधारणा, आणि तिच्यात सॉफ्टवेअरचा एक थेंब नाही.

अगदी सुरुवातीला आपोआप नोंद पाठवणारे काटेही नव्हते. लोक वहीत वजन लिहून पानाचा फोटो पाठवायचे आणि केरळच्या एक सिस्टर तो बघून आकडे भरायच्या. एका आजींचं वजन ७१ होतं. सिस्टरांनी ६९ भरलं. चूक त्यांची मुळीच नव्हती. आपला सात इंग्रजी सहासारखा दिसतो आणि आपला एक इंग्रजी नऊसारखा. दोन किलोंचा फरक, म्हणजे नेमका तोच, ज्यावर आमचा सगळा डोलारा उभा. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "मी मराठी बोलायला शिकले, आता मोजायलाही शिकते." आणि शिकल्या.

पुढे या सिस्टरच तारेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. नोंदी आधी त्या बघतात, खटकलं तर फोन करतात, आणि गरज असेल तरच सरांना सांगतात. हे ऐकायला साधं वाटतं, पण आमच्याकडे त्यावर मोठं भांडण झालं, कारण सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना माणसाचा पगार मध्ये आलेला आवडत नाही. तेव्हा मी दोन अभ्यास घेऊन मीटिंगला गेले होते. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १६५३ पेशंट होते. निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोनवर आपलं वजन आणि त्रास सांगायचा होता. सहा महिन्यांनी बघितलं तर पुन्हा ॲडमिट होणं किंवा मृत्यू, कशातच फरक नाही. ज्यांना फोन करायचा होता त्यांतल्या १४ टक्क्यांनी तो एकदाही केला नव्हता, आणि शेवटच्या आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. उलट २०१८ मध्ये जर्मनीतल्या चाचणीत दीड हजारावर पेशंटमध्ये फरक दिसला. हॉस्पिटलात किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले, मृत्यूही कमी झाले. तिथे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या केंद्रात डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले होते. देश वेगळे, पेशंट वेगळे, यंत्रंही वेगळी, त्यामुळे फार ओढूनताणून तुलना करू नये हे मला कळतं. पण मी मीटिंगमध्ये ती केली आणि सिस्टरांचा पगार मंजूर करून घेतला.

आता 'लगेच'कडे येते. इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

नोंद आमच्याकडे पोचली की पेशंटच्या फोनवर एक हिरवी खूण यायची. ती मीच काढली होती. गोल, ठसठशीत, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल अशी. तिचा अर्थ 'पोचलं'. एका शुक्रवारी रात्री एका काकांना अस्वस्थ वाटायला लागलं. त्यांनी काटा काढला, बीपी घेतलं, पाठवलं. हिरवी खूण आली. काकू म्हणाल्या, "हिरवं आलंय की, म्हणजे ठीक आहे. झोपा." शनिवारीही हिरवं, रविवारीही. सिस्टर सोमवारी सकाळी कामावर आल्या तेव्हा वजन तीन किलोंनी वर होतं आणि काका खुर्चीत बसून झोपत होते. दुपारी ॲडमिट केलं, फुप्फुसात पाणी. आठवड्याने घरी गेले, बरे आहेत. काकू मला भेटल्या तेव्हा रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "आम्हाला वाटलं डॉक्टरांनीच हिरवं केलं."

ती खूण मी त्याच आठवड्यात काढून टाकली. आता नोंद पोचली की करड्या रंगात येतं: 'पोचलं. अजून कुणी पाहिलेलं नाही.' सिस्टरांनी उघडली की त्यांचं नाव आणि वेळ येते. खाली मोठ्या अक्षरांत: 'नोंदी सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पाहिल्या जातात. आत्ता त्रास होत असेल तर १०८.' विक्री विभागाला हे वाक्य बारीक हवं होतं. 'कुणी पाहिलेलं नाही' वाचून ग्राहक घाबरेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, घाबरू दे.

न आलेल्या नोंदीलाही आम्ही आता नोंदच समजतो. दोन दिवस वजन आलं नाही की सिस्टर फोन करतात. बहुतेक वेळा चार्जिंग संपलेलं असतं किंवा माणूस गावी जत्रेला गेलेला असतो. पण गावी जाणाऱ्याची एक भानगड असते. एसटीत चार तास बसायचं, लघवी लागली तर गाडी कोण थांबवणार? म्हणून लघवीची गोळी, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर काढणारी, त्या दिवशी गुपचूप टाळतात. गावाला गेल्यावर वर जेवणात पापड-लोणचं, आणि मीठ तर पाणी धरूनच ठेवतं. हे कुणी ॲपमध्ये लिहीत नाही. सिस्टरांना फोनवर सांगतात, तेही "घरात बोलू नका हं" म्हणून.

प्रश्नांचंही तसंच. 'धाप किती लागते, १ ते १०' असं विचारलं की आमच्या पेशंटपैकी निम्मे लोक ५ दाबायचे, कारण मधलं उत्तर सभ्य दिसतं. सर म्हणाले, उशा विचार. पाणी साठलं की आडवं झोपवत नाही, माणूस उशी वाढवतो आणि त्याला ते आजारपण वाटतही नाही. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न: काल रात्री किती उशा घेतल्या?

राहिला तो न्यू जर्सीतला मुलगा. त्याला सगळं दिसायला हवं असतं, पैसे तोच भरतो. आम्हीही सुरुवातीला दाखवायचो. नाशिकच्या एका आजींचं वजन महिनाभर इतकं छान स्थिर होतं की मला शंका आली. घरी गेले. आजी काट्यावर चढल्या आणि त्यांनी एक हात भिंतीवर टेकवला.

"रोज अशाच उभ्या राहता?"

"हो. भिंत धरली की वजन कसं आटोक्यात येतं. नाहीतर तिकडून फोन येतो, आई, पाचशे ग्रॅम वाढलंय, पापड खाल्लास ना?"

त्यानंतर आम्ही पेशंटला विचारायला लागलो, कुणाला काय दिसावं. आजींनी मुलासाठी फक्त 'आज नोंद केली' एवढंच ठेवलं. तो चिडला, दोन ईमेल आल्या, मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचं वजन दीड किलोंनी वाढलेलं आलं. यादीत त्या सगळ्यात वर. सिस्टरांनी फोन लावला. "आजी, काल किती उशा घेतल्या?"

"एकच गं. भिंत सोडली."