तोंड एक, माईक चार

"गाणारं तोंड एकच ना रे? मग चार माईक कशाला?"

तिसरा स्टँड लावत होतो तेव्हा आई म्हणाली. तिच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या.

आधी माझा लाडका कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक. ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्याच वायरीतून जाणारी वीज) दिली, हेडफोन घातला. ओवीच्या आधी शेजारच्यांचा कुकर ऐकू आला. मग पंखा. मग आईच्या बांगड्या. आवाज सुरेख, पण अख्ख्या चाळीच्या आवाजांसकट.

शेवटी सगळ्यात स्वस्त माईक काढला, शुअर एसएम ५८. १९६६ पासून जवळपास तसाच येतोय. डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील प्रकारचा, त्यामुळे तोंड अगदी जवळ लागतं, लांबचं फारसं धरत नाही. कुकर जवळजवळ गेला. पण इतक्या जवळून गायलं की खर्ज फुगतो. आईने ऐकलं आणि हसत सुटली, "अगं बाई, हा तर बाप्याचा आवाज!"

बास थोडा कापला, झालं. तीन वर्षं दर दिवाळीला एक माईक घेतोय, आणि खोली तीच: उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी, रस्त्याकडची खिडकी.

पाचवा माईक कार्टमध्ये पडून आहे. आवाज दबवायला माळ्यावर सहा गोधड्या आहेत. खिडकीला कशा टांगायच्या, कुणी केलंय का?