कटिंग करून या, मग रिपोर्ट करा

कोरोनाच्या वर्षी सुट्टीवरून युनिटला परत जाताना काय काय कागद लागले, असं अजूनही एखादा विचारतो. कागदांचं काही नाही हो. मेडिकलचा दाखला ग्रामीण रुग्णालयात एका दुपारी मिळाला, डॉक्टरबाईंनी ताप बघितला, चार प्रश्न विचारले, शिक्का मारला. मी अडकलो ते केसांत. आता पेन्शन आलोय, त्यामुळं लिहायला हरकत नाही. तरी युनिटचं नाव टाकत नाही.

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. फौजेत केस ही आपली खासगी गोष्ट नसते. कडेनं आणि मागनं बारीक, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, मिशी ठेवली तर नीट कातरलेली. दाढी शीख जवानाला; बाकीच्यांनी रोज सकाळी फॉलिनच्या, म्हणजे रांगेत हजेरीला उभं राहायच्या आधी घोटायची. नौदलवाल्यांचं वेगळं, त्यांना परवानगी काढून दाढी ठेवता येते, आणि आमच्या भावकीतला एक नौदलवाला ती दाढी कुरवाळत गावभर फिरतो. आमच्याकडं मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी न्हाव्यासमोर बसायचं, आणि कानावर केस आला तर सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, सगळ्यांदेखत बोटानं तो केस ओढून दाखवणार. एवढ्या वर्षांत त्याची इतकी सवय होते की मानेवर केस टोचायला लागले की मलाच रात्री झोप येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला मी ॲन्युअलच्या सुट्टीवर कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. घराचा स्लॅब टाकायचा होता. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २४ च्या मध्यरात्रीपासून सगळा देश बंद. युनिटमधनं फोन आला, आहे तिथंच थांबा, सुट्टी वाढवलीय. तेव्हा लष्करप्रमुख आपले मराठी, जनरल नरवणे. त्यांनी ‘ऑपरेशन नमस्ते’ ही आर्मीची कोरोनाविरुद्धची मोहीम जाहीर केली. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे २००१-०२ ला फौज पाकिस्तानच्या सीमेवर उभी होती तेव्हा, आठ-दहा महिने कुणाला सुट्टी मिळाली नव्हती, याची आठवणही त्यांनी तेव्हा काढली होती. इथं उलटंच झालं होतं. सुट्टी संपता संपत नव्हती. सिमेंट मिळेना, गवंडी येईना, गावची यात्रा रद्द. मी ग्रामदक्षता समितीच्या पोरांबरोबर वेशीवर काट्या टाकून बसायचो. दाढी रोज करत होतो. ब्लेड किराणा दुकानात मिळत होतं. केस मात्र वाढत होते.

एप्रिलमध्ये बेंगळुरूहून बेळगाव, सिकंदराबाद करत जम्मूकडं आणि गुवाहाटीकडं फौजींसाठी खास गाड्या सुटल्या. त्या ट्रेनिंग सेंटरमध्ये अडकलेल्या आणि क्वारंटाईन पुरं झालेल्या लोकांसाठी होत्या. आम्ही गावात, आमचा काही नंबर लागला नाही. १ जूनला रेल्वेच्या स्पेशल गाड्या सुरू झाल्या, गोवा एक्स्प्रेसही त्यात होती, आणि मग युनिटच्या ऑफिसातनं फोन आला. इथनं पुढचं सगळं त्या फोनवरच्या माणसामुळं.

क्लार्क होता. मी त्याला तोवर पाहिलेलं नव्हतं, नवीन पोस्टिंगवर आला होता. तिकीट काढा, मेडिकल आणा, आरोग्य सेतू टाका, हे सगळं त्यानं एका दमात वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, “और हेअरकट प्रॉपर करवा के आना. फोटो भेजो पहले. फोटो देख के रिपोर्टिंग की डेट मिलेगी.”

मी म्हटलं, साहेब, महाराष्ट्रात सलून बंद आहेत. सरकारचाच आदेश आहे.

“वो मुझे नहीं पता. यलो में बार्बर नहीं है.”

यलो म्हणजे काय ते सांगतो. त्या काळात आर्मीनं लोकांचे तीन भाग केले होते. लक्षणं असलेला रेड, सुट्टीवरून किंवा कोर्सवरून आलेला यलो, आणि १४ दिवस क्वारंटाईन काढून धडधाकट असलेला ग्रीन. यलोची बॅरेक वेगळी, लंगर म्हणजे जेवणघर वेगळं, बाथरूम वेगळं. तिथं बाहेरचा कोणी जायचा नाही. म्हणजे न्हावीही नाही. इथपर्यंत मला पटतं. पण मग केस गावाकडनंच कापून आणा म्हणणं, तेही सातारा जिल्ह्यातल्या माणसाला! १ मेच्या केंद्राच्या यादीत सातारा रेड झोन होता, सांगली ऑरेंज. आमच्याकडं वस्तरा दिसला तरी पोलीस गाडी थांबवतील अशी परिस्थिती.

यात खरी मेख अशी होती की कटिंग नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर मी घरी, आणि घरी जास्त राहिलो तर ओएसएल. सुट्टीपेक्षा जास्त राहणं, आर्मी ॲक्टचं कलम ३९. तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलीय त्यात. होत नाही तेवढं, पण सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाई कुणाला हवी असते? मी क्लार्कला म्हटलं, हे जे सांगताय ते मेसेजवर पाठवा. तो टाळत होता. मी सोडलं नाही. जे आज अशा कुठल्या लफड्यात असतील त्यांना पहिला सल्ला हाच: तोंडी काही ऐकू नका. फोनवरचं बोलणं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सुट्टी-हजेरीच्या अधिकृत नोंदीत, येत नाही. त्यानं शेवटी तीन शब्दांचा का होईना मेसेज पाठवला, ‘हेअरकट फोटो पेंडिंग’, आणि तोच पुढं माझ्या सुट्टीचे जास्तीचे दिवस नियमात बसवायला कामाला आला.

आता कटिंग. गावातला आमचा न्हावी शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसला होता, दुकानाची किल्ली करगोट्याला. धंदा बंद पडून किती दिवस झाले होते, दुकानाचं भाडं चालूच. त्यांच्या संघटना निवेदनं देत होत्या, उपयोग शून्य. मी म्हटलं, मागच्या दारी बस, पाच मिनिटं मशीन फिरव. तो म्हणाला, “भाऊ, तुझी कटिंग केली तर मला दंड, आन् तुला ड्युटी. माझ्या पोरांनी काय खायचं? आन् तुझी केली की सगळा गाव दारात. सरपंचाला न्हाय म्हणलोय मी.” त्याचं बरोबर होतं. मला राग आला तो त्याचा नव्हताच.

सांगलीला विश्रामबागेत माझा साडू राहतो. त्याच्याकडं ट्रिमर होता, मे महिन्यातच मागवलेला. आमच्या पिनकोडला डिलिव्हरीच नव्हती. तो म्हणाला, घेऊन जा माझा. कसा नेणार? जिल्हा ओलांडायला ई-पास, त्यासाठी पोलिसांच्या साईटवर फोटो आणि कागद ठरल्या साईजमध्ये बसवून टाकायचे, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहू? केस? कऱ्हाडच्या पुढं हद्दीवर नाका होता. एक दूधवाला आणतो म्हणाला, मग त्याचंच गाव कंटेनमेंटमध्ये गेलं. मशीन सांगलीत, डोकं कोरेगावात.

बायको म्हणाली, मी कापते, त्यात काय. शिवणाची कात्री घेतली, अंगणात खुर्ची टाकली, गळ्यात जुनी साडी बांधली. आई बाजूला बसून सूचना देत होती. पुढनं बरं जमलं होतं. मागनं मेंढी भादरल्यासारख्या पायऱ्या पडल्या. तोच फोटो पाठवला. क्लार्कचं उत्तर आलं: “साईड से भी भेजो.” बाजूचा पाठवला. “ये नहीं चलेगा.” बायको दोन दिवस त्या माणसाला शिव्या देत होती, मी अडवलं नाही.

त्या दिवसांत मेव्हण्यानं एक बातमी पाठवली. अमेरिकेच्या नौदलानं मार्चमध्येच केसांच्या लांबीचा नियम सैल करायची मुभा कमांडरांना दिली होती, दाढी मात्र करायचीच. आणि तिकडच्या मरीनना न्हाव्याच्या दुकानासमोर खेटून रांगा लावाव्या लागल्या म्हणून त्यांच्या संरक्षणमंत्र्याला पत्रकारांनी विचारलं होतं. मी म्हटलं, बरं आहे, जगात मी एकटाच नाही. दाढीचं मला पटतं. दाढीवर एन-९५ नीट बसत नाही, कडेनं हवा शिरते. पण डोक्यावरच्या केसांनी कोरोना होतो असं तर कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

सुटका झाली ती अपशिंगे मिलिटरीच्या बाजूच्या एका वस्तीवर. अपशिंग्याचं नाव सगळ्यांना माहीतच आहे, पहिल्या महायुद्धापासून घराघरातनं फौजी. त्या भागात एक अण्णा आहेत, आर्मीतच न्हावी म्हणून पंचवीसेक वर्षं काढून पेन्शन आलेले. मला त्यांचं नाव आमच्या आधीच्या सुभेदार साहेबांनी सांगितलं. फोन केला तर म्हणाले, “धंदा करत न्हाय मी, पैसं घेत न्हाय. मास्क लावून ये, एकटा ये, येताना डोकं धुऊन ये.”

गोठ्यात दोन म्हशी, पलीकडं लाकडी पाट. अण्णांनी पत्र्याची पेटी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेलं हाताचं मशीन, जुनं, दांडे झिजून पांढरे झालेले. त्याला खोबरेल तेलाचा थेंब सोडला, दोनदा हवेत दाबून आवाज ऐकला, मग मानेला लावलं. विजेच्या मशीनची घरघर नाही, नुसतं किच किच किच. कानाची पाळी दोन बोटांत धरून दुमडायची त्यांची पद्धत अगदी पलटणीतली. मध्येच म्हणाले, “घरात कुणी कापलं ह्ये?” मी गप्प. “हात चांगला हाय, घाई झालीया.” हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको जरा शांत झाली.

फोटो गेला. उत्तरात अंगठा आला आणि खाली तारीख. मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघालो आणि २८ जूनला, रविवारी, सरकारनं सलूनं उघडली! फक्त कटिंग, रंग वगैरे. दाढी नाही, कारण त्वचेला हात लावायचा नाही. गावच्या न्हाव्यानं फोन करून सांगितलं, आता ये. मी तेव्हा यलोत, खाटेवर पडलेलो.

प्रवासाचं सांगायचं तर गाडीत चादर-कांबळं मिळत नव्हतं, आपलं न्यावं लागायचं. स्टेशनावर दीड तास आधी बोलावत. लीव्ह सर्टिफिकेटच्या दोन-तीन झेरॉक्स वेगवेगळ्या खिशात ठेवा, घामानं एक तरी जातेच. हो, आणि युनिटला फोन करायचा तर सकाळी चहाच्या वेळेला. दुपारी कोणी उचलत नाही, उचललं तर वैतागून बोलतं.

यलोतले दिवस बरे गेले. दोन खाटांत अंतर, सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, जेवण दाराबाहेर ठेवून जायचे. पीटी आपापल्या खाटेजवळ. पण पहिल्याच संध्याकाळी बघतो तर कोपऱ्यातल्या खाटेशेजारी स्टूल, आरसा, आणि त्यावर बसलेल्या एकाची कटिंग चाललेली. कापणारा ओळखीचा. आमच्या युनिटचाच न्हावी! बिचारा बिहारकडं सुट्टीवर अडकला होता, त्याच दिवशी माझ्या आधी पोहोचला, म्हणून यलोत. मशीन बरोबर घेऊनच आला होता. मास्क लावून, मशीन स्पिरिटनं पुसून, रोज दोघा-चौघांना हातावेगळं करत होता. ‘यलो में बार्बर नहीं है’ म्हणून मला सातारा जिल्हा पालथा घालायला लावला आणि अख्ख्या युनिटचा एकमेव न्हावी यलोतच.

मी त्याला डोकं दाखवलं. तो म्हणाला, “ये किसने काटा? एकदम पुराना फौजी हाथ है.” अण्णांना मी हे फोनवर कळवलं, त्यांनी नाव विचारून घेतलं.

१४ दिवस झाले, मेडिकल झालं, ग्रीनमध्ये आलो. रिपोर्ट करायला ऑफिसात गेलो. टेबलामागं तो क्लार्क. न्हावी सुट्टीवर गेल्यापासून ग्रीनमध्ये कुणाच्याच डोक्याला मशीन लागलेलं नव्हतं. त्याचे केस कानावरनं कॉलरपर्यंत आलेले, तेल लावून मागं चापून बसवलेले. मी सावधानमध्ये उभा. त्यानं माझे कागद बघितले, मेडिकल बघितलं, लीव्ह सर्टिफिकेट बघितलं. फोटोचा विषय निघाला नाही. मी ‘हेअरकट फोटो पेंडिंग’चा मेसेज उघडून फोन त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं, जास्तीचे दिवस याच्यावर रेग्युलराईज करा. त्यानं मेसेज वाचला, एक हात आपोआप मानेमागं गेला, आणि दुसऱ्या हातानं सही करून टाकली.